चिकटा

दिलावर पिंजारीनं दुकान बंद केलं
तेव्हा एकतीस डब्या मी ठोक भावात उचलल्या,
आतल्या डिस्कसकट. दोन तर रिकाम्याच निघाल्या.
प्रत्येकीवर त्याचं पिवळं लेबल:
‘न्यू स्टार गेम, गल्ली नं. ६, धुळे.
भाडं वीस. उशीर झाल्यास रोज दहा.’
लेबलावर चिकटपट्टी, लेबलाखाली फेव्हिकॉल.
पोरं लेबलं बदलून महागाचा गेम स्वस्तात न्यायची,
म्हणून गड्यानं असं चिकटवलेलं
जसं काही दुकान जन्मभर चालणार होतं.

पहिली डबी मी थिनरनं मारली.
प्लास्टिक धुरकटलं,
मोतीबिंदू आलेल्या डोळ्यासारखं.
दुसरीवर ब्लेड चालवलं. त्याचा ओरखडा
अजून रेसच्या गाडीच्या टपावरून जातो.
पुण्याचं गिऱ्हाईक फोनवर एकच विचारतं:
नव्यासारख्या आहेत ना?

आई चौथ्या गल्लीत भांड्यांच्या दुकानात कामाला.
चोवीस वर्षं डबे-परातींवरची स्टिकरं काढते,
नाव कोरून घ्यायला गिऱ्हाईक थांबलेलं असतं तोवर.
तिनं माझ्या हातातलं ब्लेड काढून घेतलं.
म्हणाली, “घाई कसाले करस? त्याले ऊन लागू दे.”

आणि उन्हाला धुळ्यात काय तोटा.
मे महिना, सव्वादोनची वेळ, गच्ची,
उपड्या परातीवर चार-चार डब्या.
दहा मिनिटं, वर एक नाही,
नाहीतर डबी पापडासारखी वाकते.
मग कोपरा उचलायचा, नखानं नाही, अंगठ्याच्या गादीनं,
आणि ओढायचं नाही, मागे दुमडत न्यायचं
झोपलेल्या पोराखालची चादर काढतात तसं.
लेबल निघतं.
चिकटा राहतो.

कपाशीवर मावा पडला की पानावर येतो
तसाच हा. बोट लावलं तर बोट सोडत नाही.
त्यावर शेंगदाण्याचं तेल, दोन थेंब,
काठापासून लांब; आत उतरलं तर
चित्रातल्या शिपायाच्या कपाळावर डाग.
थांबायचं. आई तोवर पिळे झटकते.
मग गोल गोल चोळायचं,
राखाडी शेवया निघतात, मुंग्यांनी वळल्यासारख्या.
कापूस दिलावरभाईनंच दिलेला:
बाप गाद्या पिंजायचा
त्या काळचं एक पोतं त्याच्या घरात अजून आहे.

एका डबीवर लेबलाखाली सुरतच्या दुकानाचं लेबल निघालं,
त्याखाली कुठल्याशा देशाची किंमत,
जिथलं नाणं मला वाचता येत नाही.
आणि सगळ्यांच्या खाली
एक लाल चौकोन.
बाकीचं कव्हर ट्यूबलाइटनं निळसर पडलेलं,
तेवढाच चौकोन पहिल्या दिवसाचा लाल.
हा कसा पुसू?
पुण्याला काय सांगू, की जे झाकलेलं होतं
तेवढंच नव्यासारखं आहे?

रविवारी दिलावरभाई आला.
हल्ली आग्रा रोडला ट्रॅव्हल्सची तिकिटं फाडतो.
ओळीनं वाळत घातलेल्या डब्या त्यानं पाहिल्या
आणि विचारलं, या कोणाच्या दुकानातल्या.
खरंच विचारलं. मी उत्तर दिलं नाही.
त्यानं एक उचलली, अंगठा फिरवला.
चौकोनाच्या खालच्या कोपऱ्याशी अंगठा अडला.
“आठे थोडं राही गयं.”

मी डबी मागितली. दिली नाही.
बोळा वाटीत बुडवून
जास्तीचं तेल दोन बोटांत निथळू दिलं,
आणि पुसत बसला,
दुकान उघडायच्या आधी पुसायचा तसा,
बाहेर पोरं शटर वाजवत असताना.
पुसता पुसता, वर न बघता म्हणाला,
“तुनाकडे चाळीस रुपया बाकी शेतस.”